मे महिन्यातलं कुलूप

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, शाळा कधी उघडणार हो?" विचारणारी आई असते आणि तारीख तिला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असते. वाकोल्याच्या नाल्याकाठच्या वस्तीत राहणारी एक बाई गेली तीन वर्षं मला हे विचारते आहे. ती चार घरची कामं करते, नवरा विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या पाळीत. सकाळी साडेसातला दोघं बाहेर. तिसरीतली मुलगी आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ घरात. ‘कुणी आलं तरी दार उघडायचं नाही’ अशी ताकीद, लक्ष ठेवायला शेजारच्या आजी आणि डब्याखाली दुपारसाठी वीस रुपये. त्या वीस रुपयांचं काय होतं ते मला पोरांच्या जिभेवरून कळतं. जीभ नारिंगी असते, नाहीतर जांभळी.

त्याच संध्याकाळी, त्याच बाकावर, हायवेलगतच्या सोसायटीतला दहा वर्षांचा मुलगा बसलेला असतो. त्याच्या आईची तक्रार वेगळी. "दिवसभर एसी लावून मोबाइल घेऊन पडलेला असतो. जूनमध्ये युनिफॉर्म होत नाही त्याला. भूक कमी करायचं काही औषध असतं का?"

जूनमध्ये माझा वजनकाटा दोघांचीही हजेरी घेतो. मुलीचं वजन होतं तिथंच असतं, कधी अर्धा किलो खाली. मुलाचं तीन किलो वर. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे, एका गल्लीतल्या दवाखान्याचा अनुभव आहे. पण यातल्या दुसऱ्या भागाला आधार आहे. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक मुलांची उंची-वजनं बालवाडीपासून दुसरी संपेपर्यंत दरवर्षी दोनदा, शाळा सुरू झाल्यावर आणि संपताना, मोजली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत लठ्ठ मुलांचं प्रमाण ८.९ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर गेलेलं दिसलं, आणि ही सगळी वाढ उन्हाळी सुट्ट्यांमध्ये झाली होती. शाळा चालू असताना प्रमाण वाढलंच नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. शाळेच्या दिवसाला आकार असतो. उठायची वेळ, खायची वेळ, मधल्या सुट्टीतली धावपळ, सहा तास फ्रिजपासून लांब. शाळा मुलांना शिकवते किती यावर वाद घाला हवा तर, पण ती त्यांच्या शरीराची बरीच राखण करते आणि हे काम तिच्या खात्यावर कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे सुट्टीवरचा वाद दरवर्षी एप्रिलमध्ये सुरू होतो आणि आंब्याबरोबर संपतो. एका बाजूला ‘मुलांना इतकी सुट्टी कशाला, जपानमध्ये बघा’ म्हणणारे पालक. दुसऱ्या बाजूला ‘आमच्या वेळची मे महिन्याची मजा’ आठवून गहिवरणारे, ज्यात मीही आलो. माझं म्हणणं एवढंच आहे की मे महिन्यात शाळेला सुट्टी हवीच. शाळेच्या इमारतीला मात्र नको. तिच्या फाटकाला दीड महिना जे कुलूप लागतं ते वाकोल्यासारख्या वस्तीत मुलांच्या तब्येतीला महाग पडतं.

आपण शाळेचं वर्ष दिवसांत मोजतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस, सहावी ते आठवी २२० दिवस. माध्यमिक शाळा संहिता सांगते कामाचे दिवस २३० हवेत. शिक्षण खात्याच्या परिपत्रकात आणखी एक आकडा ठरलेला असतो: रविवार सोडून वर्षभराच्या एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त होता कामा नयेत. या ७६ मध्ये कुठं काय बसवायचं याला मात्र थोडी मोकळीक आहे. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून गणपतीला किंवा नाताळला ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं वळवता येते. वाकोल्यात तर हे डोळ्यांसमोर दिसतं. एका शाळेतली अर्धी पोरं गणपतीला रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या गाडीत असतात, म्हणून तिथं ती सुट्टी लांबते; चर्चच्या आसपासच्या शाळांत ती डिसेंबरच्या शेवटी लांबते. म्हणजे वेळापत्रक काही दगडावरची रेघ नाही. सणांसाठी ते वाकतं. विदर्भाच्या उन्हासाठीही वाकतं: २०२५ मध्ये उरलेल्या राज्यात शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात २३ जूनला. मग मुंबईच्या उन्हाचा विचार करून ते कधी आखलं गेलं का?

मुंबईच्या तापमानाचा म्हणून जो आकडा तुम्ही रोज वाचता तो बहुतेक वेळा सांताक्रूझच्या वेधशाळेचा असतो, म्हणजे आम्हा वाकोलेकरांच्या शेजारचा. या वेधशाळेच्या नोंदी चाळल्या तर एक गोष्ट लक्षात येते. ४२.२ अंशांचा विक्रम १४ एप्रिल १९५२ चा आहे. ४१.७ अंश नोंदले गेले २८ मार्च १९५६ ला. अंगाची लाही करणाऱ्या दुपारी मुंबईत मार्च-एप्रिलमध्येही येतात. त्या दिवसांत पूर्वेकडून, जमिनीवरून येणारा कोरडा वारा जोरात असला की समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत अडून राहतो आणि पारा चढतो. मे महिन्यात समुद्रवारा लवकर सुटतो, म्हणून तापमान सहसा तेहतीस-चौतीसच्या आसपास थांबतं. पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. चौतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता एकत्र आली की अंगाला जाणवणारी उष्णता चाळिशीच्या पुढे जाते. किनाऱ्यावरचं ऊन कसं फसवतं हे १६ एप्रिल २०२३ ला खारघरला दिसलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरच्या सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशीचं तापमान नागपूरकरानं हसण्यावारी नेलं असतं.

लहान मुलांचं शरीर यात आणखी कच्चं. वजनाच्या मानानं त्यांच्या त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे बाहेर फार गरम असलं की ती लवकर तापतात. त्यांना मोठ्यांइतका घाम येत नाही. आणि खेळात रंगलेल्या मुलाला तहान लागल्याचं कळत नाही, हे तर कुठलीही आजी सांगेल.

या पार्श्वभूमीवर २०२५ चं वेळापत्रक आठवा. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळी, ८ ते २५ एप्रिल, आणि निकाल १ मे रोजी. हेतू वाईट नव्हता. परीक्षा लवकर उरकली की उरलेला एप्रिल वर्ग ओस पडतात, हे खरंच आहे. पण शेवटचा पेपर २५ ला आणि निकाल १ तारखेला म्हटल्यावर मधल्या पाच दिवसांत एका वर्गाचे सगळे पेपर तपासायचे, गुण चढवायचे, प्रगतिपुस्तकं लिहायची. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचा रक्तदाब पाहून मी तिला तीन दिवस घरी राहायला सांगितलं. ती हसली. "पेपर घरीच आहेत डॉक्टर," म्हणाली.

तर उन्हासाठी सुट्टी हवी, यात वाद नाही. ब्रिटिश काळात मुंबईचं सरकारच उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाऊन बसायचं, आणि हायकोर्ट अजूनही मे महिन्यात सुट्टीवर जातं. शाळाही त्याच पंगतीतली. प्रश्न असा आहे की उन्हापासून वाचवायला आपण मुलाला शाळेतून घरी पाठवतो, ते घर कसलं आहे?

टॉवरमधल्या मुलाच्या घराला भिंती आहेत, वर आणखी आठ मजले आहेत, एसी आहे. नाल्याकाठच्या मुलीच्या घराला वर पत्रा आहे. दुपारी बारा ते चार तो पत्रा तव्यासारखा तापतो आणि ती धग खाली सोडतो. पोटमाळ्यावर तर बसवत नाही. खिडकी एक, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. पंखा आहे, पण पंखा हवा गार करत नाही, आहे तीच फिरवतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीराला उलट तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटना बजावते. आणि पाच मिनिटांवर पालिकेच्या शाळेची तीन मजली पक्की इमारत आहे. जाड भिंती, उंच छत, दोन्ही बाजूंनी खिडक्या, पिण्याचं पाणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, थोडी का होईना मोकळी जागा. वस्तीतल्या मुलांसाठी मे महिन्यातली ती सगळ्यात थंड जागा. बरोबर त्याच महिन्यात आपण तिला कुलूप लावतो.

दुसरी गोष्ट जेवणाची. शाळेत दुपारी मिळणाऱ्या आहाराचं सरकारी मोजमाप ठरलेलं आहे: पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,७०० कॅलरी लागतात. म्हणजे त्या तिसरीतल्या मुलीच्या दिवसभराच्या अन्नाचा चौथा हिस्सा शाळेतून येतो, आणि डाळ, उसळ म्हणून जे काही पोटात जातं त्याचा बहुधा याहून मोठा. खिचडीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मीही ती चाखली आहे, ती काही मेजवानी नसते. पण ती गरम असते, वेळेवर असते आणि तिच्यात डाळ असते. मे महिन्यात तिची जागा पेप्सीकोला आणि पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट घेतं.

सुट्टीत भूक सुट्टीवर जात नाही, हे आपल्या न्यायालयानं मानलेलं आहे. मे २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त भागांतल्या मुलांना उन्हाळी सुट्टीतही शाळेतलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला. त्या वर्षी आपला मराठवाडा होरपळत होता, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. दुष्काळात जे पटलं ते वाकोल्याच्या वस्तीत का पटू नये? इंग्लंडसारख्या श्रीमंत देशालाही हे उशिरा कळलं. २०२० मध्ये मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूनं, जो स्वतः लहानपणी शाळेतल्या मोफत जेवणावर वाढला होता, सुट्टीतल्या भुकेवरून सरकारला धारेवर धरलं. २०२१ पासून तिथं देशभर, गरीब घरांतल्या मुलांसाठी सुट्टीत खेळ आणि जेवण असा कार्यक्रम चालतो. तो बऱ्याच ठिकाणी शाळांच्या इमारतींत भरतो. शिकवणी नाही, पुस्तक नाही. खेळा, जेवा, घरी जा.

तिसरं, डोळे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडच्या मुलांत चष्म्याचं प्रमाण डोळ्यांत भरावं इतकं वाढलं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या काही वर्गांना रोज ४० मिनिटं जादा मैदानावर काढलं. तीन वर्षांनी त्या मुलांत जवळच्या दृष्टीचा दोष नव्यानं आलेल्यांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, बाकीच्यांत ३९.५ टक्के. उघड्यावरचा उजेड डोळ्याच्या गोलाला लांबट होण्यापासून काही प्रमाणात रोखतो, असं आता बऱ्यापैकी मानलं जातं. सकाळी सात ते नऊ या वेळात मे महिन्यातही मैदानावर खेळता येतं. पण मैदान कुठलं? वाकोल्यात रस्त्यावर क्रिकेट खेळायचं तर रिक्षा मोजून चेंडू टाकावा लागतो. जी थोडी मैदानं आहेत त्यातली बरीचशी शाळांची, आणि फाटक बंद.

झोपेचं मात्र सुट्टी भलं करते, हे सांगायला हवं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. दोन पाळ्यांत चालणाऱ्या मुंबईच्या शाळांत सकाळच्या पाळीतल्या मुलांना ती मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला, तेव्हा बसवाल्यांपासून पालकांपर्यंत कुणाला तो सोयीचा वाटला नाही, यावरून मुलांच्या झोपेला आपण कुठल्या रांगेत बसवतो ते कळतं. मे महिन्यात मुलं पहिले काही दिवस नुसती झोपतात. झोपू द्यावं. फक्त पुढे रात्री एक-दीड वाजेपर्यंत मोबाइल आणि सकाळी अकराला उठणं सुरू झालं की जूनचा पहिला आठवडा डोकेदुखी, पोटदुखी, ‘शाळेत नाही जायचं’ यात जातो. सकाळी सात-साडेसातला जायला कुठलं तरी उघडं फाटक असेल तर हेही थोडं आवरेल.

आता अभ्यासाचं. सुट्टीत मुलं विसरतात, असं सगळे म्हणतात. अमेरिकेत यावर पुष्कळ संशोधन झालं. जुन्या अभ्यासांचा निष्कर्ष असा की उन्हाळ्यात साधारण महिनाभराचं शिक्षण पुसलं जातं, गणितात जास्त. आणि वाचनात गरीब मुलं मागे पडतात तेव्हा खात्यापित्या घरची पुढे जातात. नंतर काही संशोधकांनी त्या चाचण्यांच्या मोजणीतच खोट दाखवली आणि आता हा आकडा पूर्वीइतक्या खात्रीनं कुणी सांगत नाही. आपल्याकडे याचं टोक करोनात दिसलं. जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठानं पाच राज्यांतली सोळा हजार मुलं तपासली, त्यात ९२ टक्के मुलं आधी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य गमावून बसली होती. पण ते दहा-अकरा महिन्यांचं कुलूप होतं. दीड महिन्याच्या सुट्टीवर त्याचा बोजा टाकणं बरोबर नाही. म्हणून सुट्टीतल्या गृहपाठाच्या मी विरोधात आहे. त्या प्रोजेक्टच्या फाइली आमच्या रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात, चित्रं चिकटवून. त्यातून दुकानदार तेवढा शिकतो.

उलट ज्यांना गाव आहे आणि गावात बोलावणारं कुणी आहे त्या मुलांनी मे महिना गावीच काढावा. विहीर, फणस, चुलत भावंडं, आजोबांच्या शिव्या यांना पर्याय नाही. पण वस्तीतल्या किती मुलांना हे मिळतं? कुणाचं गाव जौनपूरला, तिकीट मिळत नाही. कुणाचं गावातलं घर वाटणीत गेलं. आणि मोठ्या मुलींना तर मे महिना म्हणजे पूर्णवेळ नोकरी. धाकट्यांना सांभाळणं, पाणी भरणं, दुपारचा भात. शाळा चालू असते तेव्हा निदान पाच तास ती मुलगी मूल असते.

इथं काही वाचक म्हणतील, म्हणजे शिक्षकांना मे महिन्यात कामाला लावा. नाही. मुळीच नाही.

शिक्षकांची सुट्टी ही लोकांना खुपणारी गोष्ट आहे, ‘तुमचं बरं आहे’ हे वाक्य प्रत्येक शिक्षकानं ऐकलेलं असतं. त्या सुट्टीचा मोबदला ते इतर ठिकाणी चुकवतात. दीर्घ सुट्टी मिळते म्हणून इतर सरकारी कर्मचाऱ्यांइतकी अर्जित रजा त्यांना मिळत नाही. फेब्रुवारीत मुलीचं लग्न निघालं तर बाईंची पंचाईत होते. शिवाय मे महिनाही पूर्ण हातात कुठं येतो? कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानं शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाहेरची कामं देता येत नाहीत, पण ही तीनच पुरेशी आहेत. २०२४ च्या लोकसभेला मुंबईत मतदान होतं २० मे रोजी. त्याच्या आधीची प्रशिक्षणं, आदल्या दिवशी मतदान यंत्रं ताब्यात घेणं, केंद्रातच रात्र काढणं, हे सगळं त्याच दमट मे महिन्यात, त्याच शाळांच्या इमारतींत. म्हणजे मतदानासाठी कुलूप उघडतं.

शिक्षकांना सुट्टी का लागते याचं एक उत्तर त्यांच्या घशात आहे. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतल्या २००४ च्या एका मोठ्या पाहणीत ११ टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाचा विकार होता, इतर व्यवसायांतल्या लोकांत ६.२ टक्के. पन्नास मुलांचा वर्ग, वर गरगरणारा पंखा, हायवेचा आवाज आणि विमानांची घरघर यांच्यावर आवाज चढवून वाकोल्यातल्या बाई दिवसाला पाच तास बोलतात. स्वरतंतूंवर गाठी येतात त्या अशाच. त्यांना विश्रांती हेच पहिलं औषध, आणि ते सलग काही आठवडे फक्त मे महिन्यातच घेता येतं. मनाचंही तसंच. जर्मनीत १३१ शिक्षकांना सुट्टीच्या आधी आणि नंतर तपासलं तेव्हा सुट्टीनंतर कामातला उत्साह वाढलेला आणि थकवा कमी झालेला दिसला, पण हा फायदा महिन्याभरात विरून गेला. परतल्या-परतल्या कामाचा डोंगर अंगावर आला त्यांचा तर आणखी लवकर. आपल्याकडे जूनच्या पहिल्या दिवसापासून पटनोंदणी, आधार जोडणी, पुस्तकवाटप, ऑनलाइन माहिती यांचा जो मारा सुरू होतो तो पाहता वाकोल्यातल्या बाईंची सुट्टी आषाढी एकादशीपर्यंत तरी टिकत असेल का, शंका आहे. त्यामुळे मे महिन्याला हात न लावता दिवाळीची सुट्टी पेपर तपासण्यापासून मोकळी केली, तर शिक्षकांच्या तब्येतीला त्याचा जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

मग उघड्या शाळेत मे महिन्यात उभं कोण राहणार? याची उत्तरं शिक्षकांच्या बाहेर शोधायची. मुलांसाठी जेवण करणाऱ्या बाया आहेत. स्वयंपाकी आणि मदतनिसांचं मानधन वर्षाला दहा महिन्यांचंच असतं, मे महिना त्यांच्यासाठी बिनपगारी आहे. त्यांना दोन महिने आणखी काम द्या. खेळ घ्यायला महाविद्यालयातली मुलं आहेत; विद्यापीठाचं कलिना संकुल वाकोल्याला लागून आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरायला विद्यार्थी झाडं लावायची जागा शोधत फिरत असतात. वॉचमन तर तसाही असतो. सकाळी सात ते नऊ मैदान, मग पंखा, पाणी, कॅरम, गोष्टीची पुस्तकं, बारा वाजता जेवण, आणि ज्याच्या घरी कुणी नाही त्यानं चारपर्यंत तिथंच झोपावं. अभ्यास नाही. हजेरीची सक्ती नाही. गावी गेलेल्यानं गावी जावं, आईबरोबर घरी असलेल्यानं घरी असावं.

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. मुलांची सुरक्षितता हा खरा प्रश्न आहे. उघड्या इमारतीत कोण येतं-जातं याची नोंद, निदान एक जबाबदार बाई सतत हजर, पोलीस पडताळणी, हे नसेल तर कुलूपच बरं. दुरुस्तीची कामंही मे महिन्यातच निघतात. सगळ्या शाळा एकदम उघडायला कुणी सांगत नाही, एका वॉर्डात दोन उघडून पाहाव्यात. आमच्या एच पूर्व विभागात जागांची वाण नाही.

आणि पालिकेला हे अनोळखीही नाही. दर पावसाळ्याआधी प्रत्येक वॉर्डात काही शाळा तात्पुरता निवारा म्हणून ठरवून ठेवतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वाकोला-कलिना पाण्याखाली गेलं, तेव्हा शाळेचा वरचा मजला म्हणजे काय ते या भागातल्या लोकांना कळलं. पुरासाठी शाळा उघडायची हे आपल्याला सुचतं, कारण पूर दिसतो. अहमदाबादनं २०१० च्या उष्णतेच्या लाटेत माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेसाठी शहराचा आराखडा केला आणि सावलीच्या, पाण्याच्या जागा लोकांना खुल्या करणं त्यात धरलं. मुंबईत उष्णतेनं घरातच मलूल झालेलं मूल कुणाच्या यादीत येत नाही. ते माझ्याकडे येतं, उलट्या होतात म्हणून.

परवा ती तिसरीतली मुलगी आली होती, भावाला घेऊन. त्याला घामोळ्यांवर गळवं झाली होती. औषध लिहीपर्यंत मी तिला विचारलं, दिवसभर काय करतेस गं? म्हणाली, टीव्ही बघतो, मग लाइट गेली की शाळेच्या गेटपर्यंत जाऊन येतो. तिथं काय आहे आता, शाळा तर बंद आहे, मी म्हटलं. "गेटमधून नळ दिसतो," ती म्हणाली. "वॉचमनकाका पाइप लावून झाडांना पाणी घालतात ना, तेव्हा आमच्यावर पण उडवतात."